अटलांटा १९९६: थंड मुलखातले घोडे दमट उन्हाळ्यात कसे रुळवले

१९९६चं ऑलिंपिक अटलांटाला होणार हे १९९० साली ठरलं आणि घोडेस्वारीच्या जगात काळजी सुरू झाली. स्पर्धा जुलैच्या उत्तरार्धात होती आणि घोड्यांचं मैदान अटलांटापासून पूर्वेला साधारण चाळीस किलोमीटरवर, कॉनयर्स गावाजवळ. जॉर्जिया राज्यातला जुलै म्हणजे दुपारी पारा ३२च्या आसपास, आणि पहाटे हवा इतकी ओली की अंगावरचा घाम वाळतच नाही. येणारे बहुतेक घोडे मात्र ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स अशा देशांतले. तिथे पंचवीस अंश झाले तरी लोक उन्हाळा म्हणतात.

आधी १९९२च्या बार्सिलोनात उन्हाच्या दिवशी क्रॉसकंट्री, म्हणजे मोकळ्या रानातली अडथळ्यांची दौड, पूर्ण करून आलेले काही घोडे इतके थकलेले होते की ते पाहून लोक हादरले होते. अटलांटाची हवा त्याहून दमट. घोडे तिथे नेऊच नयेत, अशी मागणी प्राणिप्रेमींकडून झाली, आणि ती वावगी नव्हती. इव्हेंटिंग ही घोडा आणि स्वाराची अनेक कसोट्यांची, काही दिवस चालणारी स्पर्धा. तिच्यातला सहनशक्तीचा दिवस तेव्हा फार लांबलचक असे. आधी रस्त्यावरची दुडकी चाल, मग स्टीपलचेस, म्हणजे कुंपणांवरून उड्या घेत भरधाव दौड, परत रस्ता, मग सक्तीची विश्रांती आणि पशुवैद्यांची तपासणी, आणि सगळ्यात शेवटी क्रॉसकंट्रीचे अडथळे. एकाच घोड्याने, एकाच दिवशी.

हे प्रकरण सविस्तर मांडण्याचं कारण असं, की घोडा एका हवेतून दुसऱ्या हवेत नेताना काय करावं याचा इतका शिस्तीत केलेला विचार त्याआधी क्वचितच झाला असेल. आपल्याकडे सारंगखेड्याच्या बाजारातून कोकणात घोडा आणणाऱ्या माणसालाही त्यातलं बरंच काही जसंच्या तसं लागू पडतं.

नेमकी अडचण काय होती

घोड्याच्या स्नायूंत खर्च होणाऱ्या शक्तीपैकी जेमतेम पाव हिस्सा धावण्याच्या कामी येतो, उरलेल्याची उष्णता होते. ती बाहेर टाकायला त्याच्याकडे कातडी अपुरी आहे. ५०० किलोच्या घोड्याच्या कातडीचं क्षेत्रफळ साधारण ५ चौरस मीटर, म्हणजे एका चौरस मीटरला १०० किलो शरीर. ७० किलोच्या माणसात हेच प्रमाण चाळीसच्या आत असतं. आपल्याला नुसतं उकडतं तेव्हा कष्ट करणारा घोडा आतून भाजत असतो.

यावर घोड्याचा उपाय म्हणजे घाम. कष्टाच्या वेळी तो तासाला १० ते १५ लिटर घाम गाळू शकतो. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण वाळला तर! दमट हवेत तो पोटाखालून टपटप गळतो आणि जमिनीवर पडलेल्या घामाने घोडा थंड होत नाही. पाणी गेलं, मीठ गेलं आणि उष्णता अंगातच राहिली, असा तिहेरी तोटा. मीठही थोडंथोडकं जात नाही. एका लिटर घामाबरोबर सुमारे १० ग्रॅम क्षार जातात, माणसाच्या घामापेक्षा कितीतरी जास्त. त्यातून एक फसवी गोष्ट घडते. पाण्याबरोबर मीठही त्याच प्रमाणात गेल्यामुळे रक्ताचा खारेपणा फारसा वाढत नाही, आणि तहानेची खूण तर खारेपणा वाढण्यातूनच मिळते. म्हणून अंगातलं वीस लिटर पाणी गमावलेला घोडा बादलीत तोंड घालून नुसता उभा राहतो. ‘पाणी दाखवलं, प्यायला नाही, म्हणजे तहान नसेल’ हा अंदाज अशा वेळी धोक्याचा असतो.

विश्रांतीच्या वेळी घोड्याचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश असतं. कठीण कामानंतर ते ४० ते ४१ला जातं आणि तेवढ्याने काही बिघडत नाही, ते भराभर उतरलं म्हणजे झालं. ४१च्या पुढे जाऊन तिथेच रेंगाळलं की पाय लडखडतात, नजर हरवते, घोडा कोसळू शकतो. अटलांटात भीती होती ती याची.

उत्तर शोधण्यासाठी काय केलं

आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाने, म्हणजे एफईआयने, संशोधनाची मोहीमच हाती घेतली. तिचा समन्वय केंब्रिजचे पशुवैद्यक लिओ जेफकॉट यांच्याकडे होता. इंग्लंडमध्ये न्यूमार्केटच्या अ‍ॅनिमल हेल्थ ट्रस्टमध्ये डेव्हिड मार्लिन आणि त्यांचे सहकारी, कॅनडात ग्वेल्फ विद्यापीठातला गट, अमेरिकेत ओहायोतल्या कॅथरीन कोन, असे अनेक जण एकाच प्रश्नाच्या वेगवेगळ्या बाजूंनी कामाला लागले. हवा मुद्दाम गरम आणि दमट केलेल्या बंद खोलीत ट्रेडमिलवर घोडे पळवून पाहिले. न्यूमार्केटला ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता ठेवून घोड्यांना ओळीने पंधरा दिवस तशा हवेत काम दिलं. ग्वेल्फला एकवीस दिवस, रोज चार तास, याहून गरम हवेत.

निष्कर्ष असा निघाला की घोडा दमट उन्हाला नक्की रुळतो आणि दोन ते तीन आठवड्यांत रुळतो. रुळलेल्या घोड्याचं विश्रांतीतलं तापमान थोडं खाली येतं, तेवढ्याच कामात अंग कमी तापतं, रक्तातला द्रवभाग वाढतो. मात्र एक अट आहे. नव्या हवेत नुसतं उभं राहून हे साधत नाही, त्या हवेत रोज काम करावं लागतं. दिवसभर पंख्याखाली आणि रपेट फक्त पहाटेच्या गारव्यात, असं तीन आठवडे ठेवलेला घोडा जवळपास होता तसाच राहतो. या प्रयोगांतला हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण मायेपोटी लोक नेमकं उलटं करतात. नव्या घोड्याला जपायचं म्हणून त्याला हवेपासून लांब ठेवतात आणि एक दिवस लग्नाच्या वरातीत किंवा शर्यतीत भर दुपारी उभं करतात.

गार पाण्याचा वाद

जगभरच्या तबेल्यांत तेव्हा एक समज पक्का होता, आणि आपल्याकडे तो आजही आहे: तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकायचं नाही, स्नायू आखडतात, घोडा जखडतो. पुठ्ठ्यांवर आणि पाठीवर तर मुळीच नाही. पाणी मारायचंच तर कोमट, तेही पायांवर आणि मानेवर.

संशोधकांनी हे तपासायचं ठरवलं. दमट उष्ण हवेत पळवलेल्या घोड्यांवर, पाठ-पुठ्ठ्यांसकट सगळ्या अंगावर, बर्फाळ गार पाणी मारलं आणि स्नायूंना इजा झाली का हे पाहिलं. झाली नाही. उलट तापमान झपाट्याने उतरलं आणि घोड्यांची चालही सुधारली.

याचं गणित साधं आहे. दमट हवेत घाम वाळत नाही, तेव्हा उष्णता काढून न्यायला अंगापेक्षा गार असलेली एखादी वस्तू हवी. ती म्हणजे पाणी. पण १० अंशांचं एक लिटर पाणी अंगावर ३० अंशांपर्यंत तापलं तर ते फक्त २० किलोकॅलरी घेऊन जातं. ५०० किलोच्या घोड्याचं तापमान एक अंशाने उतरवायला सुमारे ४०० किलोकॅलरी काढाव्या लागतात. म्हणजे हिशेबाने वीस लिटर, आणि निम्मं पाणी तसंच ओघळून जातं हे धरलं तर चाळीस. एखादा स्पंज मानेवरून फिरवणं हे घोड्याच्या समाधानासाठी ठीक, पण त्याने ताप उतरत नाही. शिवाय अंगावर टाकलेलं पाणी काही क्षणांतच कोमट होतं, तेव्हा वरून दुसरं गार पाणी यायलाच हवं.

कॉनयर्सला क्रॉसकंट्रीआधीच्या सक्तीच्या विश्रांतीत हे कसं चाले, ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. घोडा रस्त्याच्या टप्प्यावरून आत येतो. स्वार उतरतो, तंग सैल होतो. एक जण लगाम धरून समोर, दोघे दोन्ही बाजूंना, त्यांच्याजवळ बर्फाच्या पाण्याने भरलेल्या बादल्या. मान, छाती, पाठ, कुशी, पुठ्ठे, मागच्या पायांची आतली बाजू, सगळीकडे पाणी. मग काही पावलं चालवायचं, म्हणजे कातडीखालचं रक्त फिरतं राहतं आणि थोडा वाराही लागतो. परत पाणी, परत चालणं. मध्येच थर्मामीटर लावला जातो, पशुवैद्य छातीला स्टेथोस्कोप लावून ठोके मोजतात, श्वासाची लय बघतात. बाजूला पाण्याचे बारीक तुषार उडवणारे मोठे पंखे सुरू असतात. तापमान पडत नसेल तर घोडा पुढे जात नाही. हे सगळं काही मिनिटांत उरकायचं असल्यामुळे मदतनिसांनी त्याची आधी तालीम केलेली असते.

वेळापत्रक बदललं, मोजमाप बदललं

नुसत्या तापमानावर निर्णय घ्यायचा नाही, हेही तेव्हा ठरलं. त्यासाठी जे मोजमाप वापरलं ते मुळात अमेरिकेतल्या मरीन दलाच्या सैनिकांच्या प्रशिक्षणासाठी १९५०च्या दशकात तयार झालं होतं. ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरचं तापमान ७० टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातलं २० टक्के आणि सावलीतलं साधं तापमान १० टक्के धरून एक आकडा काढायचा. ओल्या थर्मामीटरला इतकं वजन असण्याचं कारण उघड आहे: घाम वाळेल की नाही हे तोच सांगतो. एफईआयच्या पुढच्या काळातल्या मार्गदर्शक सूचनांत हा आकडा २८च्या खाली असला तर नेहमीसारखी स्पर्धा, २८च्या वर गेला की खबरदारी वाढवत न्यायची, आणि ३३च्या वर स्पर्धा घेऊच नये, अशी सर्वसाधारण रीत पडली.

स्पर्धेचा आराखडाही कापला. स्टीपलचेसचं आणि क्रॉसकंट्रीचं अंतर कमी केलं, रस्त्याच्या टप्प्यात मधोमध जास्तीचा थांबा घातला, दौड सकाळी लवकर ठेवली. १९९५च्या ऑगस्टमध्ये त्याच मैदानावर सरावस्पर्धा घेऊन ही सगळी व्यवस्था आधी तपासली.

घोडे आणले कसे

विमानातला प्रवास हा वेगळाच ताण. घोडा तासन्‌तास मान वर बांधलेल्या अवस्थेत उभा असतो. एरवी तो चरताना मान खाली घालतो तेव्हा श्वासनलिकेतला चिकटा आणि धूळ बाहेर वाहून जाते. मान बांधलेली असली की ती घाण आत उतरते आणि छातीचा ताप येऊ शकतो. म्हणून उतरल्यावरचे पहिले काही दिवस काम नाही. हाताने फिरवायचं, जमिनीवर ठेवलेलं गवत खाऊ द्यायचं, सकाळ-संध्याकाळ तापमान लिहून ठेवायचं, आणि वजन किती उतरलं, किती भरून आलं ते पाहायचं.

त्यानंतर खरं रुळवणं. आधी गारव्यात हलकी रपेट, मग हळूहळू कामाची वेळ उन्हाच्या बाजूला सरकवायची, मग कामाचा जोर वाढवायचा. वेळ आणि जोर दोन्ही एकदम वाढवायचं नाही. दोन-तीन आठवड्यांची गरज प्रयोगांतून कळलेली असल्यामुळे अनेक संघांनी घोडे बरेच आधी आणून ठेवले. दक्षिण गोलार्धातून थेट येणाऱ्या घोड्यासमोर आणखी एक अडचण असते. तिकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा, आणि घोड्याची लव दिवसाच्या लांबीवर वाढते-गळते, तेव्हा तो हिवाळ्याचा कोट घेऊनच उन्हाळ्यात उतरतो. अशाला कातरण्यावाचून इलाज नसतो.

गोचिडीचा प्रश्नही होता. गोचिडींमुळे पसरणाऱ्या पायरोप्लाझ्मोसिस या रक्ताच्या आजारापासून अमेरिकेने आपले घोडे मुक्त ठेवले होते आणि युरोपातल्या काही स्पर्धक घोड्यांच्या रक्तात त्याच्या खुणा होत्या. बऱ्याच चर्चेनंतर अशा घोड्यांना वेगळं ठेवून आणि गोचिडींचा कडक बंदोबस्त करून खेळू दिलं. हवा बदलताना घोडा नव्या जंतूंना भेटतो, तसा तो आपले जंतूही बरोबर नेतो, हे लक्षात ठेवणारी माणसं तिथे होती.

काय घडलं

ऑस्ट्रेलियाने सांघिक सुवर्ण जिंकलं. वैयक्तिक सुवर्ण न्यूझीलंडच्या ब्लाइथ टेटला ‘रेडी टेडी’ या घोड्यावर मिळालं. पण या प्रकरणात पदकांपेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. उन्हाने घोडे पटापट कोसळतील ही भीती खरी ठरली नाही. नंतर २००८ची घोडेस्वारी हाँगकाँगला आणि २०२०ची टोकियोला झाली. दोन्ही ठिकाणं तितकीच दमट, आणि दोन्हीकडे अटलांटाचे धडे वापरले. टोकियोत आपला फवाद मिर्झा ‘सेन्योर मेडिकॉट’ या घोड्यावर अंतिम फेरीपर्यंत जाऊन तेविसावा आला. त्याचा घोडाही युरोपात तयार होऊन त्या दमट हवेत उतरलेला होता.

आपल्या तबेल्यात

दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून घोडे येतात, आणि त्यातले काही रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जातात. खरेदी डिसेंबरात होत असल्यामुळे सुरुवातीला सगळं छान चालतं. घोडा खातो, नाचतो, दिसतो. मार्च-एप्रिलमध्ये हवा जड झाली की तो ढिला पडू लागतो आणि मालक म्हणतो, ‘राजस्थानचं ऊन सोसलेला घोडा, याला इथल्या उन्हाचं काय?’

इथे ओल्या थर्मामीटरचा हिशेब कामाला येतो. ४० अंश आणि १५ टक्के आर्द्रतेला ओला पारा २१च्या आसपास असतो. ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला तोच २८वर जातो. किनाऱ्यावर पारा आठ अंशांनी कमी दिसतो आणि घोड्याला मात्र जास्त जड जातं. मारवाडात घाम गळायच्या आधीच वाळत होता, इथे वाळतच नाही. त्या घोड्याने ऊन सोसलंय, दमटपणा सोसलेला नाही.

म्हणून हवा जड व्हायला लागते तेव्हाच, फेब्रुवारीच्या शेवटापासून, अटलांटाचा क्रम लावावा. रोज थोडं काम, हळूहळू उन्हाकडे सरकणारी वेळ, आणि कामानंतर लगेच तापमान. शंभर-दोनशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर आणि एक वही, एवढ्यात ते भागतं. कामानंतर अर्ध्या तासात तापमान नीट उतरत नसेल तर दुसऱ्या दिवशीचं काम निम्मं करायचं. चंदीत रोज २५ ते ३० ग्रॅम साधं मीठ द्यावं, भरपूर घाम आला त्या दिवशी जास्त, आणि जवळ पाणी कायम असावं. तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये हाही जुना समज आता सोडायला हवा. उलट कामानंतर लगेचच तो सर्वात जास्त पितो. पहिल्या बादलीत लिटरला ९ ग्रॅम या हिशेबाने मीठ घातलं तर तहानेची खूण टिकते आणि नंतर तो साधं पाणीही भरपूर पितो. खारं पाणी नाकारत असेल तर आग्रह करू नये, साधं द्यावं.

तबेल्याबद्दलही एक सांगायला हवं. कोकणात पावसापासून वाचवायला तबेले चहूबाजूंनी बंद करतात. आत शेणमुताचा वास, डास आणि कोंडलेली वाफ. छप्पर खाली उतरतं ठेवून भिंती अर्ध्या मोकळ्या ठेवल्या तर वारा खेळतो आणि पाऊसही आत येत नाही. वैरण बदलायची तर आठ-दहा दिवसांत थोडी थोडी बदलावी. बाजरीच्या कडब्यावर वाढलेल्या घोड्यासमोर जूनमध्ये ओल्या कोवळ्या गवताचा भारा टाकला की पोटशूळ ठरलेला.

आणि काही घोडे रुळतच नाहीत. त्यांचा घाम हळूहळू आटतो. इंग्रजांनी उष्ण मुलखांत नेलेल्या घोड्यांत हा आजार फार पूर्वीच लक्षात आला होता, आणि तो तिथेच जन्मलेल्या घोड्यालाही होऊ शकतो. कामानंतर सोबतचे घोडे घामाने निथळत असतात आणि याचं अंग कोरडं, फक्त अयाळीखाली आणि खोगिराखाली ओलसर. धाप मात्र जोरात आणि बराच वेळ. तोंडावरची लव विरळ होऊ लागते. दम्याचा किंवा अशक्तपणाचा इलाज सुरू होतो आणि महिने जातात. याला खात्रीचं औषध नाही. काम थांबवावं, सावली, वारा आणि गार पाणी द्यावं, पशुवैद्याकडून घामाची तपासणी करून घ्यावी. आणि दोन उन्हाळे गेले तरी घाम परत येत नसेल, तर तो घोडा कितीही देखणा असो, घाटावर कोरड्या हवेत राहणाऱ्या चांगल्या माणसाकडे सोपवावा. असे बरेच घोडे थंड किंवा कोरड्या जागी गेल्यावर परत घाम गाळू लागतात.